साहेब नुसतं 'फाइन' म्हणाले, तर ते खूश असतात की नाराज? या शब्दाला एवढे अर्थ का?

तुमचे साहेब मेलला 'फाइन' एवढंच उत्तर देतात, त्यामुळे तुम्ही गोंधळलात. शिवाय 'फाइन म्हणजे ठीक, तर मग फाइन आर्ट्स म्हणजे ठीकठाक कला का?' असंही विचारलंय. साहेबांचं आधी सांगतो. बहुतेक वेळा ते 'चालेल, पुढं जा' असतं. त्यात कौतुक नसतं आणि रागही नसतो. दुसरा प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी मूळचा कोल्हापूरजवळच्या हुपरीचा. आमच्या गल्लीत घरटी चांदीचं काम चालायचं. पैंजण, जोडवी, करदोटे. दहावीच्या सुट्टीत मला कोल्हापुरात राजारामपुरीत एका इंग्रजी बोलायच्या क्लासला घातलं होतं. सरांनी 'फाइन' शब्द घालून प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं. सगळ्यांनी 'आय ॲम फाइन' म्हटलं. मी म्हटलं, 'दिस इज फाइन सिल्व्हर.' सर हसले. म्हणाले, "माणसाची तब्येत फाइन असते, चांदी नसते. चांदी प्युअर म्हणा. सराफकट्ट्यावरचं इंग्रजी इथं आणू नका." वर्ग हसला. मला लाज नाही वाटली, पण राग फार आला. कारण तो शब्द मी घरी आण्णांच्या हिशेबाच्या वहीत रोज बघत होतो.

आण्णांनी रात्री वही पुढ्यात टाकली. तीन रकाने होते: वजन, टंच, फाइन. टंच म्हणजे शंभरात किती भाग चांदी. एक किलो मालाचा टंच 60 निघाला, तर त्यात फाइन, म्हणजे शुद्ध चांदी, 600 ग्रॅम. बाकीचं तांबं आणि इतर धातू. देणं-घेणं सगळं त्या तिसऱ्या रकान्यावर. एवढं फाइन जमा, एवढं नावे. मजुरीसुद्धा पुष्कळदा टंचावर चढवून चांदीतच घेतली जायची. आण्णा म्हणाले, "त्येस्नी म्हणावं, भट्टीवर या एकदा. मूस उतरल्यावर सांगतो फाइन म्हंजे काय." सातवी शिकलेला माणूस, पण बरोबर होता. भारतीय मानक ब्युरोचं चांदीच्या दागिन्यांचं मानक आहे, आयएस 2112, त्याच्या नावातच 'फाइननेस' आहे. दागिन्यावर 925 छापलेलं असतं, ते हजारात किती भाग फाइन याचंच माप. सोन्याचांदीपुरता हाच अर्थ इंग्लंडातही चालतो. आम्ही तो हुपरीत तयार केलेला नाही.

खरं तर हाच अर्थ मुळाच्या जवळचा आहे. लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे शेवट. त्यातून फ्रेंचमधून इंग्रजीत 'फाइन' आला: शेवटच्या टोकापर्यंत नेलेलं, ज्यात अजून काढण्यासारखं काही उरलं नाही असं. गाळून शुद्ध करणं म्हणजे 'रिफाइन', तोही यातलाच. शुद्ध म्हणून उत्तम, उत्तम कारागिरीचं म्हणून नाजूक, नाजूक म्हणून बारीक, असा तो पसरत गेला. 'ठीक आहे' हा त्याचा झिजून झिजून गुळगुळीत झालेला अर्थ. आणि शिकवणारे नेमकं तिथून सुरू करतात आणि तिथंच थांबतात. पोलीस 'फाइन मारतात' तो दंडही त्याच 'शेवट'मधून आला, पैसे भरले की प्रकरण संपलं म्हणून. फक्त तो नाम होऊन वेगळ्या वाटेनं आला.

फाइन आर्ट्सचं उत्तरही यातच आहे. वापरायची वस्तू करणं वेगळं आणि केवळ सौंदर्यासाठी चित्र-शिल्प करणं वेगळं, म्हणून ती 'फाइन'. आपण ललित कला म्हणतो. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात हा प्रश्न कुणाला पडू नये असं मला मनापासून वाटतं, पण क्लासनी तेवढी वाट लावून ठेवलीय.

मी आता शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साच्यांच्या वाळूचा सँड प्लांट बघतो. तिथं फाइन म्हणजे बारीक. वाळू फाइन घेतली की कास्टिंगचा, म्हणजे ओतलेल्या भागाचा, पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण वायू बाहेर पडायला जागा कमी होते आणि ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, धरतात. म्हणजे इथं 'फाइन' म्हणजे 'चांगलं' असं धरलंत तर अख्खी बॅच भंगारात जाईल. उद्यमनगरात 10 एमएमचा बोल्ट मागा. साध्या आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 एमएम असते, फाइन थ्रेडमध्ये 1.25 मिळते. दुकानातलं पोरगंसुद्धा 'साधा की फाइन?' असं विचारतं. त्याला कुठल्या सरांनी शिकवलं? क्रिकेटमध्ये फाइन लेग म्हणजे चांगला लेग नव्हे. यष्टीच्या मागं, खेळपट्टीच्या रेषेच्या जवळचा, कमी कोनातला. करारातली 'फाइन प्रिंट' म्हणजे बारीक अक्षरं, ती मात्र सही करण्याआधी वाचा.

माझं मत असं की शब्द आधी कामात शिकावा, मग पुस्तकात. भट्टीवर, लेथवर, मैदानावर शिकलेलं इंग्रजी कच्चं नसतं. ज्यांनी धंद्यातल्या लोकांना हसायचा मक्ता घेतलाय त्यांनी स्वतःच्या डिक्शनरीची पहिली ओळ सोडून पुढचं वाचावं.

साहेबांबद्दल राहिलेलं. बोलण्यात आवाजावर फार जातं. मोकळेपणानं म्हटलेलं 'फाइन' होकार असतो, तुटकपणे म्हटलेलं असेल तर विषय नकोय असं समजा. 'नो, आय ॲम फाइन' म्हणजे 'नको, पुरे'. चहाला असं कुणी म्हटलं तर कप पुढं करू नका. 'फाइन वर्क' लिहिलं असेल तर ते खरं कौतुक, 'युवर वर्क इज फाइन' असेल तर फक्त पास. तुम्ही हाताखालच्या माणसाला शाबासकी देणार असाल, तर दुसरं वाक्य वापरू नका, त्याला ते लागतं. ब्रिटिश आणि अमेरिकन माणसांच्या वापरात फरक असतो, तेव्हा साहेब कुठले आहेत त्यावरही थोडं ठरेल.