घरगुती स्लॉट कार ट्रॅकवर (खाचेतून धावणाऱ्या विजेवरच्या खेळण्यातल्या गाड्यांचा ट्रॅक) लांबच्या वळणाला गाडी मंदावते. गाडीला वीज देणारी तांब्याची पट्टी पूर्ण बदलावी का?

नाही, पट्टी उखडू नका. आधी सुरुवातीच्या पट्ट्यांपासून ट्रॅकखालून जाड तारा नेऊन त्या लांबच्या भागाला थेट वीज पोहोचवा. ५ मिमी रुंद आणि ०.०३५ मिमी जाड तांब्याच्या पट्टीचा रोध मीटरला साधारण ०.१ ओहम असतो. जाता-येता दोन्ही पट्ट्यांचा रोध धरला की लांबवर मोटरला व्होल्टेज कमी मिळतं. खात्रीसाठी कंट्रोलर (वेग कमी-जास्त करायचा हातातला खटका) पूर्ण दाबून गाडी दोन-तीन सेकंद हाताने धरून ठेवा, मागची चाकं फिरू द्या आणि तेवढ्यात मल्टिमीटरने तिथलं व्होल्टेज बघा. गाडी उचलून मोजलंत तर आकडा ठीकच दिसेल, कारण प्रवाहच वाहत नसतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. नवी तार जोडताना:

- सुरुवातीची डावी पट्टी लांबच्या डावीलाच, उजवी उजवीलाच. उलट झालं तर शॉर्टसर्किट.
- प्रत्येक लेनची तार वेगळी.

मात्र गाडी एकाच ठिकाणी झटका खात असेल, तर दोष सांध्याचा आहे. पट्टीखालचा गोंद बहुधा वीजवाहक नसतो, त्यामुळे पट्टीवर पट्टी नुसती चिकटवून भागत नाही. सांध्यावर सोल्डर करा आणि वरचा उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करा.