पत्नीची स्तन-पुनर्रचनेची शस्त्रक्रिया आहे, पोटाची चरबी घेऊन करणार आहेत. रुग्णालयात मी काय तयारी ठेवावी? रात्री सासूबाई थांबणार आहेत, मग माझी गरज आहे का?

आहे. रात्री तुम्हीच थांबा. पुढून उघडणारे गाऊन आणि जास्तीच्या दोन उशा न्या, बाकीचं सामान लागेल तसं मिळतं.

पोटाची चरबी घेऊन करणार आहेत असं तुम्ही लिहिलंय. माझ्या बायकोचंही तसंच झालं, डीआयईपी फ्लॅप. बेंबीखालची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट काढतात (हा तुकडा म्हणजे फ्लॅप), छातीवर बसवतात आणि त्या बारीक वाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. सकाळी आत नेलं होतं, संध्याकाळी बाहेर आणलं. नातेवाईकांना वाटलं, झालं, सुटलो. पण खरी काळजी तिथून पुढे सुरू होते. पहिले दोन दिवस सिस्टर तासातासाला येते. फ्लॅपचा रंग बघते, हात लावून ऊब बघते, बोटाने दाबून सोडते, डॉप्लर लावून आतल्या रक्ताचा आवाज ऐकते. पांढरा आणि गार पडला तर रक्त आत येत नाहीये. जांभळा पडून फुगला तर आत आलेलं बाहेर जात नाहीये. गारठ्याने वाहिन्या आकसतात, म्हणून खोलीत एसी नाही.

आमच्याकडे दुसऱ्या रात्री सिस्टरने डॉप्लर लावला, जरा सरकवून पुन्हा लावला आणि काही न बोलता फोनकडे गेली. फ्लॅप जांभळट दिसत होता. शिरेत गुठळी झाली होती. लगेच परत ओटीत न्यायचं ठरलं आणि संमतीच्या कागदावर सही करायला मी तिथे होतो. बायकोने माझं मनगट धरून विचारलं, "गेलं का सगळं?" सर्जननी आदल्या आठवड्यात मला चित्र काढून समजावलं होतं, तेच मी तिला सांगितलं: हे होऊ शकतं म्हणूनच तासातासाला बघतात, वेळेत कळलं तर बहुतेक वेळा वाचतो. वाचला.

आणि सकाळी माझा थोरला भाऊ आला. ती अजून आयसीयूत होती. कॉरिडॉरमध्ये उभं राहून म्हणाला, "तरी मी सांगत होतो, या वयात कशाला? आता कोणाला दाखवायचंय?"

याचं उत्तर मी त्याला तेव्हा दिलं, इथेही देतो, कारण तुमच्या घरातही कोणीतरी हे बोलणार आहे. स्तन काढल्यानंतर ती ब्लाउजमध्ये स्पंजचा पॅड लावून डोंबिवलीहून लोकलने कामाला जायची. गर्दीत एक हात दांडीला आणि दुसरा पदरावर, पॅड वर सरकला का ते चाचपत. लग्नकार्याला जाणं तिने सोडलं. गच्चीवर वाळत घालायला चारचौघींसमोर हात वर करणंही नकोसं झालं होतं. दाखवायचं कोणालाच नव्हतं. तिला सतत स्वतःकडे लक्ष ठेवत जगायचं नव्हतं. 'प्लास्टिक सर्जरी' शब्द ऐकला की लोकांना हौस वाटते. आमच्या विमा कंपनीनेही 'कॉस्मेटिक' म्हणून आधी नकार दिला होता. तुमचाही टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था, तसं म्हणाला तर पॉलिसीतलं वगळलेल्या खर्चांचं ०८ क्रमांकाचं कलम काढून दाखवा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या त्या मजकुरातच कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला अपवाद आहे. कंपनीला ते मान्य करावं लागलं. भावाला मी तिथून जायला सांगितलं. घरातले अजून मलाच बोल लावतात. लावोत.

भेटायला येणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात स्पष्ट नाही म्हणा. तिला कमरेत वाकून, गुडघ्याखाली उशी घेऊन पडावं लागतं आणि चालतानाही काही दिवस ती वाकूनच चालते, पोटाचे टाके ताणू नयेत म्हणून. अशा अवस्थेत शहाळं घेऊन आलेल्या माणसांसमोर हसत बसायची तिच्यावर वेळ आणू नका. ड्रेन म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, त्यांचे डबे रिकामे करायला सिस्टरकडून शिकून घ्या आणि किती मिली निघालं ते वहीत लिहा. घरी सोडतानाही बऱ्याचदा ड्रेन असतात. आमच्याकडे दिवसाचं ३० मिलीच्या खाली आल्यावर काढले. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला बीपीचा पट्टा किंवा सुई नको, हे प्रत्येक नव्या सिस्टरला सांगायचं काम तुमचं. आणि घरी आल्यावर कोणी प्रेमाने शेकायची पिशवी आणली तर परत पाठवा. शस्त्रक्रियेच्या जागी संवेदना नसते, कातडी भाजली तरी तिला कळणार नाही.

पट्टी पहिल्यांदा उघडतील तेव्हा ती तुमचा चेहरा बघेल. त्याआधी सर्जनना फोटो दाखवायला सांगा: टाके, सूज, स्तनाग्र नसणं, सगळं आधी बघून ठेवा.

हे सगळं पोटाच्या फ्लॅपचं. इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनचा कृत्रिम स्तन, असेल तर तासातासाची देखरेख नसते, नियमही वेगळे. पुनर्रचना न करणाऱ्या बायकाही पूर्ण विचार करूनच तसं ठरवतात, त्यांना कोणी कमी लेखू नये. आणि तुमच्या पत्नीला रात्री आईच हवी असेल तर आईच थांबू दे, तुम्ही दिवसा थांबा. फक्त ते तिला एकटीला विचारा, सासूबाई समोर नसताना.