'चीझी' म्हणजे पाणचट नव्हे

प्रश्न असा आहे : सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरोपात जुन्या गाण्यांना डिस्कोचा ठेका लावून जी कव्हर व्हर्जन्स निघाली, त्यांना इंग्रजीत सर्रास 'चीझी' म्हणतात. मराठीत 'पाणचट' चालेल का? आणि 'कव्हर'ला काय म्हणायचं?

'पाणचट' नको. पाणचट ताक, पाणचट आमटी, पाणचट विनोद : सगळीकडे ऐवज कमी आणि पाणी जास्त. या गाण्यांचं दुखणं बरोबर उलटं, त्यांत सगळंच जास्त असतं. बोनी एम या डिस्को गटाचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' घ्या. मूळ गाणं जमैकाच्या मेलोडियन्सचं, १९७० सालचं. परमुलखात कैदेत पडलेल्यांचा बायबलातल्या स्तोत्रातला विलाप, त्याला जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या श्रद्धेची जोड. १९७८ मध्ये जर्मन निर्माता फ्रँक फारियानने ते बोनी एमसाठी उचललं. मेलोडियन्स 'किंग अल्फा' म्हणत, म्हणजे रास्ताफारींना देवासमान असलेला इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी. तिथे कुणालाही न टोचणारा 'लॉर्ड' बसवला. खाली पाय हलवणारा ठेका, वर आवाजांवर आवाज चढवलेलं गुणगुणणं. ब्रिटनमध्ये गाणं पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. विलाप होता, त्याची वरात झाली.

याला माझा शब्द 'बटबटीत'. डोळे बटबटीत असतात, नक्षी बटबटीत असते. जे नजरेत भरावं ते नजरेत घुसतं. 'भडक' जवळचा आहे, पण त्याला रागाचा, रक्ताचा, शृंगाराचा वास येतो आणि ही गाणी तशी भाबडी. 'सवंग' म्हणजे मुळात स्वस्त, महागच्या उलट. पण आता 'सवंग लोकप्रियता' म्हणताना आपण करणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवतो, गाणं कसं वाजतं ते सांगत नाही.

आता 'कव्हर'. 'नक्कल' म्हटलं की खोटेपणा आला. 'पुनर्गायन' सरकारी परिपत्रकात शोभेल. आपल्याकडे जुना, कामाचा शब्द आहे 'चाल'. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल :' लिहून ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे शब्द छापलेले दिसतात. किती प्रामाणिक सोय! पण तिथे चाल जुनी आणि शब्द नवे. कव्हरमध्ये बहुधा दोन्ही जुने, गळा तेवढा नवा.

फरक एकाच गाण्यात दिसतो. नील सेडाकाचं १९५९ सालचं 'वन वे टिकट' १९७९ मध्ये इरप्शन या गटाने डिस्कोत गायलं (निर्माता पुन्हा फारियानच). हे कव्हर. त्याच चालीवर १९८० च्या 'प्यारा दुश्मन'मध्ये उषा उथुपचं 'हरि ओम हरि' आलं. हे कव्हर नाही, हे 'च्या चालीवर'. आणि मूळ मालकाला न विचारता केलं असेल, तर 'चाल उचलली'. बोनी एमचं 'मा बेकर' ट्युनिशियाच्या लोकगीतावरून बेतलेलं आहे, तेही 'च्या चालीवर'च्याच रांगेत बसेल.

म्हणून 'कव्हर' तसाच राहू द्या, रुळला आहे. फक्त गाणं 'कव्हर करतात'; कव्हर 'घालतात' ते जूनमध्ये वह्यांना. तरी बोनी एमच्या बाबतीत मला 'घालतात'चा मोह होतो. मंचावर गटातला बॉबी फॅरेल अंगात आल्यासारखा नाचायचा, आणि रेकॉर्डवरचा तो खर्जातला पुरुषी आवाज फारियानचा. म्हणजे गाण्याला एक कव्हर, गायकाला दुसरं.

'बटबटीत'मध्ये एक गोष्ट मात्र येत नाही. 'चीझी' म्हणणारा नाक मुरडतो आणि तालावर पायही हलवतो. ती छुपी माया मराठीत एका शब्दात मावत नाही, तिला अख्खं वाक्य लागतं : ''काय टुकार गाणं आहे रे! परत लाव.''