वैयक्तिक वेबसाइटसाठी आयकॉन कुठून घ्यावेत, की स्वतःच बनवावेत?

दहा-पंधराच हवे असतील तर बनवत बसू नका. ल्युसिड किंवा टॅबलर यांपैकी एकच संच निवडा. दोन्ही मोफत, दोन्ही २४ बाय २४ च्या चौकटीत, रेघेची जाडी २. पानावर श्रेय छापायची सक्ती नाही. फ्लॅटआयकॉनवर फुकट घेतलंत तर श्रेय द्यावं लागतं, शिवाय तिथे प्रत्येक चित्र वेगळ्या हातचं. घर जाड रेघेचं, शेजारचं पाकीट रंगीत, की पान लग्नाच्या बॅनरसारखं दिसायला लागतं.

अख्खी आयकॉन-फॉन्टची (अक्षरांऐवजी आयकॉन भरलेल्या फॉन्टची) फाइल जोडू नका. हवे तेवढे आयकॉन एसव्हीजी (कोडच्या रूपातलं चित्र) म्हणून उतरवा आणि त्यांचा कोड थेट एचटीएमएलमध्ये चिकटवा. कोडमध्ये रेघेचा रंग 'करंटकलर' (currentColor) असला की आयकॉन आजूबाजूच्या मजकुराचा रंग घेतो; डार्क मोडसाठी वेगळी फाइल नको. (इमेज टॅगने जोडलंत तर ही सोय गेली.) गिटहब, यूट्यूबची चिन्हं सिंपल आयकॉन्स या ब्रँडच्या चिन्हांच्या संचात मिळतील.

स्वतः बनवायचाच तर फेविकॉन (ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चिन्ह) बनवा, मजा येते. त्यासाठी इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. नावाचं देवनागरी आद्याक्षर घ्या, पण टॅबमध्ये ते जेमतेम १६ पिक्सेलचं दिसतं. 'ग', 'म', 'र' तरतात. 'क्ष', 'श्र'चा नुसता डाग होतो. जाड वळणाचा फॉन्ट घ्या आणि शेवटी इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' (अक्षराचं नुसत्या आकारात रूपांतर) कराच, नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला भलतंच वळण दिसेल. आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० बाय १८० ची पीएनजी वेगळी काढा.