जोशीकाकूंची काच आणि सतरा अक्षरं

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी आणि आमची मुलं रविवारी संध्याकाळी तलावपाळीवर बसून वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतल्या खोडकर चिंटूवर विनोदी हायकू, म्हणजे जपानी धर्तीच्या तीन ओळींच्या कविता, करतो. परवा शेजारच्या बाकावरचे एक काका म्हणाले, ‘हायकूत निसर्ग हवा, असला फाजीलपणा चालत नाही.’ मुलं हिरमुसली. आमचं चुकतंय का? दोन नमुने पाठवते आहे.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मुलांना आधी सांगा, वही बंद करू नका.

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जपानी हायकूत ऋतू सुचवणारा शब्द लागतो. पण माणसाच्या वागण्यावर हसणारी, त्याच ५-७-५ मापाची (तीन ओळींत पाच, सात, पाच अक्षरं) कविताही जपानीत आहे. तिला सेनर्यू म्हणतात, अठराव्या शतकातल्या कराई सेनर्यू यांच्या नावावरून. शिवाय हायकू ज्या ‘हाइकाई’ या जुन्या जपानी काव्यप्रकारातून आला, त्या शब्दातच थट्टामस्करी आहे. आपल्याकडे हायकू रुजवला शिरीष पै यांनी, आणि त्या कुणाच्या कन्या? ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या अत्र्यांच्या! शिरीषताईंच्या हायकूंत दोन ओळींचं यमक बरेचदा सापडतं, अक्षरांचा हट्ट मात्र नसतो. तुम्हाला अक्षरं मोजायची असतील तर जोडाक्षर एकच धरा.

आता तुमचा पहिला नमुना :

जोशीकाकूंची
काच फुटली पुन्हा
चिंटू पळाला

माप चोख आहे, पण तिसरी ओळ वाया गेली. शेजारच्या जोशीकाकूंची काच फुटल्यावर चिंटू पळणार हे कुणाला ठाऊक नाही? 1991मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, तेव्हा माझी आत्या पुण्याहून पाकिटात कात्रणं घालून पाठवायची. मी ती दोनशे पानी वहीत खळीने चिकटवायची. चिकटवताना एक लक्षात आलं : हसू चित्रात नसतंच, ते दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत असतं. चेंडू उडाला, मधे पट्टी, पुढच्या चौकटीत काकू दारात. मधलं सगळं आपण मनात काढतो. हायकूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीमध्ये तीच पट्टी हवी. असं करून बघा :

काच फुटली
जोशीकाकूंच्या दारी
एक चप्पल

पळणं कुठेच लिहिलेलं नाही, तरी तो अनवाणी पाय दिसतो ना?

दुसरा नमुना तुमच्या दहा वर्षांच्या मुलीचा :

गृहपाठ का
केला नाहीस बाळा
लाईट गेली

याला हात लावू नका. चिंटूचं नावही नाही आणि सगळा चिंटू त्यात आहे. ‘बाळा’मधली आईची माया, पुढच्याच ओळीत तयार असलेलं उत्तर. ‘आई म्हणाली’, ‘चिंटू म्हणाला’ घालायचा मोह भल्याभल्यांना होतो, तिला झाला नाही. हा मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला आहे, आत्याच्या कात्रणांच्या आधी.

काका पुन्हा भेटले तर त्यांनाच पहिली ओळ द्यायला सांगा. पावसाची दिली तर उत्तम, ऋतूही येईल. आणि चिंटूच्या टोळीतल्या राजूवर तुमचा एकही हायकू आलेला नाही. बॅट त्याच्या हातात आहे, डाव कुणाचा ते मुलांना ठरवू द्या, पुढच्या महिन्यात तो पाठवा.