आर्थिक मंदी आणि साधनांची टंचाई यांचा रोजच्या जगण्यावर नेमका काय परिणाम होतो? अशा काळात काटकसर पुरेशी ठरते का?

आपल्या प्रश्नात दोन संकटे एकत्र आली आहेत. उत्तर देताना मी ती आधी वेगळी करतो, कारण त्यांची झळ घराला वेगवेगळ्या बाजूंनी लागते. मंदीत बाजारात माल असतो, पण तो विकत घ्यायला लागणारे उत्पन्न आटलेले असते. टंचाईत हाती पैसा असला तरी वस्तू मिळत नाही, किंवा मिळते ती परवडत नाही. काटकसर दोन्ही वेळी सारखीच उपयोगी पडेल असे आपण धरून चालतो, पण तसे होत नाही.

मंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. 2008 च्या वित्तीय संकटानंतर अमेरिकेतील बेरोजगारीचे प्रमाण ऑक्टोबर 2009 मध्ये 10 टक्क्यांवर गेले होते. याचाच दुसरा अर्थ असा की, काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या शंभर जणांपैकी नव्वद जणांच्या हाताला तेव्हाही काम होते. ज्या दहा जणांचे काम गेले त्यांच्या घराची घडी पार विस्कटली. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा पगार चालू होता, तरीही पुढच्या नोकरकपातीत आपले नाव असेल की काय, या धास्तीने त्यांनीही खर्चात हात आखडता घेतला. मंदी नोकरी गेलेल्यांच्या घरात उत्पन्न घटवून शिरते आणि नोकरी टिकलेल्यांच्या घरात भीतीच्या रूपाने शिरते. या भीतीचा परिणाम आपण फार कमी लेखतो, असे माझे मत आहे.

ही भीती सर्वप्रथम पुढे ढकलता येण्याजोग्या खर्चांवर उतरते. नवे वाहन आणि नवे फर्निचर लांबणीवर पडते, आणि त्यात फारसे बिघडत नाही. ओढाताण आणखी वाढली की दुरुस्ती, औषधोपचार, विम्याचा हप्ता आणि मुलांचे शिक्षण यांवर कात्री चालते, आणि खरे नुकसान तिथे होते. किडू लागलेली दाढ वेळेत भरून घेतली तर एका बैठकीत काम भागते. तीच वर्षभर सोसत राहिले तर कीड मुळापर्यंत जाते, आणि मग रूट कॅनालचा कित्येक पटींनी मोठा खर्च करावा लागतो किंवा दाढ काढून टाकावी लागते. घराच्या खर्चाच्या वहीत मात्र त्या वर्षी ‘बचत’ झालेली दिसते. शिक्षण संपवून ऐन मंदीत कामाच्या शोधात उतरलेल्या तरुणांचेही असेच होते. कॅनडा आणि अमेरिकेतील अभ्यासांत असे आढळले आहे की, अशा तरुणांचे उत्पन्न पुढे जवळपास दहा वर्षे, काहींचे त्याहूनही अधिक काळ, चांगल्या काळात नोकरीला लागलेल्यांपेक्षा कमी राहते. मंदी सरल्याची घोषणा झाली तरी या मुलांसाठी ती सरलेली नसते.

टंचाई मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या दारी येते आणि पैशाइतकाच वेळही खाते. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. नेदरलँड्समध्ये रविवारी खासगी मोटारी चालवण्यास बंदी आली. ब्रिटनमध्ये तेलाच्या जोडीला कोळसा खाणकामगारांचे आंदोलनही चालू असल्याने, 1974 च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. वस्तूंची चणचण अशा रीतीने कामाचे दिवसही घटवते.

दोन्ही संकटे एकाच वेळी कोसळली तर काय होते, हे श्रीलंकेने 2022 मध्ये अनुभवले. परकीय चलनाची गंगाजळी आटल्यामुळे इंधन, औषधे आणि कागद आयात करता येईनासा झाला. मार्चअखेरीस दिवसाला तेरा-तेरा तास वीज नव्हती, कागदाअभावी शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या आणि इंधनाच्या रांगांत ताटकळताना काही वृद्धांनी प्राण गमावले. सप्टेंबरपर्यंत वार्षिक महागाईचा दर 70 टक्क्यांच्या आसपास पोहोचला. उत्पन्न जितके कमी तितका त्यातील मोठा हिस्सा अन्नावर जातो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे एवढ्या महागाईत, आधीच पोटापुरते कमावणाऱ्या घराला कपात करायला दुसरे काही उरतच नाही. शिवाय रांगेत घालवलेला दिवस पगारी नोकराची एक रजा खातो, तर रोजंदारीवरच्या माणसाची त्या दिवसाची कमाईच बुडवतो.

आता काटकसरीबद्दल. टंचाईत ती खरोखर कामी येते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये 2018 च्या सुरुवातीला दरडोई दररोज 50 लिटर पाण्याची मर्यादा घालण्यात आली. लोकांनी दोन मिनिटांत अंघोळ आटोपली आणि तेच सांडपाणी बादलीत धरून शौचालयात वापरले. शहराचा वापर काही वर्षांपूर्वीच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आला आणि पुढे पाऊस होईपर्यंत घरोघरचे नळ चालू राहिले. तिथे एकाने वाचवलेले पाणी दुसऱ्याला मिळत होते.

मंदीत नेमके उलटे घडते. माझा खर्च हे दुसऱ्या कोणाचे तरी उत्पन्न असते, त्यामुळे सर्वांनी एकदम खर्च थांबवला की विक्री घटते, आणखी नोकऱ्या जातात आणि बचत करू पाहणाऱ्यांचीच मिळकत घसरते. केन्स या अर्थतज्ज्ञाने 1930 च्या दशकात हा पेच ठळकपणे मांडला. याचा दोष कुटुंबांना देणे मला अन्यायाचे वाटते. भविष्याची शाश्वती नसलेला माणूस पैसे राखून ठेवणारच. ती शाश्वती देण्याचे काम सरकारचे आहे. जर्मनीने 2009 मध्ये कामगारांना काढून टाकण्याऐवजी त्यांचे तास कमी करण्याची आणि बुडालेल्या वेतनाचा मोठा भाग सरकारी यंत्रणेमार्फत भरून देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. त्या वर्षी उत्पादन 5 टक्क्यांहून अधिक घटले, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही.

घरापुरता सल्ला विचाराल तर मी एवढेच सुचवीन की, कपात करण्यापूर्वी प्रत्येक खर्चापुढे ‘हा एक वर्ष थांबवला तर वाढेल का?’ हा प्रश्न लिहावा. जे खर्च थांबवल्याने वाढत नाहीत ते निःसंकोच थांबवावेत. गळके छत, चालू उपचार, आरोग्य विम्याचा हप्ता आणि मुलांची फी यांना शेवटपर्यंत हात लावू नये. त्यासाठी कर्जाच्या हप्त्यांची मुदत वाढवून घ्यावी लागली तरी बँकेशी लवकर, म्हणजे पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच, बोलावे.