दिनविशेष लिहून झाला, पुढं काय?

प्रश्न : आमच्या लेखन-गटाच्या फळ्यावर रोज साहित्यिक दिनविशेष लिहितो. त्यावरून प्रत्येकानं काहीतरी लिहायचं, असं ठरलंय. पण सगळे त्या लेखकाचे गोडवे गाणारा परिच्छेद आणतात. तारखाही चुकतात. काय करावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ‘आज थोर कवी केशवसुत यांची पुण्यतिथी’ एवढ्या ओळीतून गोडव्यांपलीकडं काय निघणार? दोष लिहिणाऱ्यांचा नाही, फळ्याचा आहे. तारखेसोबत ठिकाण आणि कारणही लिहा : 7 नोव्हेंबर 1905, हुबळी, प्लेग, नोकरी धारवाडला, शिक्षकाची. आता लिहायला जागा झाली. कवीचं नाव घ्यायचं नाही, ‘थोर’ शब्दाला बंदी, वेळ 20 मिनिटं. परगावी गेलेला माणूस परतलाच नाही. घरी दोरीवर वाळत घातलेला त्याचा सदरा कोण काढतं, कधी? बघा, दहा जणांचे दहा वेगळे सदरे येतील.

2 सप्टेंबरला (1976) खांडेकरांची पुण्यतिथी. कोल्हापुरात भाषणं होतीलच. तुम्ही फळ्यावर दोनच आकडे लिहा : ‘ययाती’ 1959, ज्ञानपीठ 1974. मधल्या 15 वर्षांवरून, उशिरा आलेल्या पत्रावर लिहायला सांगा.

तारखांसाठी पोस्टकार्डाएवढी 366 कार्डं करा. चपलांच्या एका खोक्यात मावतात. नोंद पेन्सिलीनं करा, दोन ठिकाणी पडताळली की मगच शाईनं. मोबाइलवरचे पाच संदेश म्हणजे पाच पुरावे नव्हेत, बहुतेकदा एकाचीच नक्कल असते. मराठी विश्वकोश आणि वाङ्मयकोश यांपासून सुरुवात करा. केशवसुतांच्याच जन्माच्या 15 मार्च आणि 7 ऑक्टोबर 1866 अशा दोन तारखा सापडतात. तिथं एक निवडायची घाई नको. दोन्ही कार्डांवर प्रश्नचिन्ह टाका आणि एकमेकांचा हवाला द्या. कोल्हापूरकरांना हे नवं नाही. शाहू जयंती आपण कितीतरी वर्षं 26 जूनऐवजी 26 जुलैला केली.

पुस्तकांबाबत एक चूक हमखास होते : प्रस्तावनेखालची तारीख प्रकाशनाची म्हणून उतरवली जाते. ती प्रस्तावना लिहून झाल्याची तारीख. पुस्तक महिन्यांनी निघालेलं असू शकतं. मुद्रणपानावर नुसतं वर्ष असेल तर त्या पुस्तकाला दिनविशेषात घेऊच नका.

तिथ्या या खोक्यात मिसळू नका. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, ज्ञानेश्वरांचा समाधिदिन कार्तिक वद्य त्रयोदशीला. इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. मराठी महिन्यांची 12 कार्डं वेगळी ठेवा. नवं पंचांग आलं की त्या वर्षीची तारीख कोपऱ्यात पेन्सिलीनं टाका आणि मागची खोडा. ती खोडायची राहते आणि पुढच्या वर्षी बीज भलत्याच दिवशी फळ्यावर चढते.